माणसाचा आणि प्राण्यांचा सांगाडा एकाच वहीत काढावा

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत रेखाटन शिकणाऱ्यांसाठी सुरू झालेल्या लेखमालेतील सांगाड्यावरचा लेख मी आस्थेने वाचला. चित्रकलेच्या इतक्या मूलभूत आणि तरीही दुर्लक्षित अंगाला वृत्तपत्रात जागा मिळाली, याबद्दल आपले आणि लेखकाचे मनापासून आभार. मात्र त्या लेखात शिकणाऱ्याला जो क्रम सुचवला आहे तो मला मान्य नाही. आधी माणसाचा सांगाडा तक्त्यावरून पाहून पक्का करावा, हाडांची नावे पाठ करावीत आणि हे सगळे साधल्यावर पुढच्या टप्प्यात प्राण्यांच्या सांगाड्याकडे वळावे, असा तो क्रम आहे. अनेक चित्रकलावर्गांतही तोच चालतो. रेखाटन शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे आणि त्या अनुभवावरून माझे म्हणणे असे आहे की, माणसाचा आणि प्राण्यांचा सांगाडा अगदी सुरुवातीपासून एकाच वहीत, शेजारी शेजारी काढायला शिकवला पाहिजे. तसे केले नाही, तर विद्यार्थ्याला प्राण्यांचा सांगाडा येत नाहीच, पण माणसाचाही अर्धवटच कळतो.

याचे कारण शरीररचनेतच आहे. खांद्याचे पाते, दंडाचे एक हाड, त्याखाली हाताची दोन हाडे, मनगटातली लहान हाडे, पंजाची लांब हाडे आणि शेवटी बोटांची पेरे, ही मांडणी माणसाच्या हातात जशी आहे तशीच कुत्र्याच्या पुढच्या पायात, वटवाघळाच्या पंखात आणि देवमाशाच्या पोहण्याच्या वल्ह्यातही आहे. बदलते ते प्रत्येक हाडाचे लांबी-रुंदीचे प्रमाण, काही हाडांची संख्या आणि शरीराचा भार जमिनीला कुठे टेकतो ती जागा. वटवाघळाची चार बोटे लांबच लांब वाढून पंखाचा पडदा ताणून धरतात. घोड्याचे मधले एकच बोट उरते आणि त्या बोटाच्या टोकावर तो धावतो. जिराफाच्या मानेत मणके सात, माणसाच्या मानेत सात, उंदराच्या मानेतही सातच. सस्तन प्राण्यांत या सातांना झाडाला उलटा लटकणारा स्लॉथ आणि पाण्यात राहणारी मॅनेटी यांसारखे मोजकेच अपवाद आहेत. जिराफाची मान काढणाऱ्याला हे ठाऊक असेल, तर तो ती मान नळीसारखी वळवणार नाही. सात लांब, ताठ तुकडे कुठे कुठे सांधले गेले आहेत ते तो आधी खुणेने ठरवील आणि मगच रेषा ओढील. जी गोष्ट एकदा समजली की इतक्या शरीरांत उपयोगी पडते, ती दोन वेगवेगळ्या अभ्यासक्रमांत विभागून विद्यार्थ्याला दोनदा पाठ करायला लावण्यात काय हशील?

माणसाच्या हाताचेच उदाहरण घेते, कारण ते कोणालाही आत्ता, हे पत्र वाचता वाचता पडताळून पाहता येईल. उजवा हात टेबलावर तळवा वर करून ठेवावा. डाव्या हाताची बोटे उजव्या कोपराच्या टोकावर ठेवून करंगळीच्या दिशेने मनगटापर्यंत सरकवत न्यावीत. कातडीखाली हाडाची एक सलग कड बोटांना लागते. आता बोटे त्या कडेच्या वरच्या, कोपराजवळच्या भागावर तशीच दाबून ठेवून तळवा पालथा करावा. कड जवळपास जागची हलत नाही. फिरते ते अंगठ्याच्या बाजूचे दुसरे हाड, आणि ते पहिल्यावरून तिरके जाऊन पलीकडे पोचते. तळवा वर असताना समांतर असलेली दोन हाडे तळवा पालथा होताच एकमेकांवर फुली घालतात. तक्त्यावरचा माणूस बहुधा तळवे पुढे करून उभा असतो, म्हणून तक्ता पाहून शिकलेला विद्यार्थी लिहिणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या, पेटी वाजवणाऱ्या हातातही ती दोन हाडे समांतरच काढतो, आणि मग मनगट कुठेतरी पिळल्यासारखे का दिसते हे त्याला उमगत नाही.

ही गोष्ट कुत्रा आणि घोडा शेजारी ठेवल्याखेरीज पुरती पटत नाही, असे मला वाटते. कुत्र्याचा पंजा कायम पालथाच असतो, त्यामुळे त्याची ती दोन हाडे कायमची एकमेकांवरून तिरकी गेलेली असतात आणि थोडीफारच फिरतात. मांजराची त्याहून अधिक फिरतात. म्हणूनच मांजर भक्ष्य दोन्ही पंजांत धरू शकते आणि झाडावर चढू शकते. घोड्यात ती दोन हाडे जुळून एक झालेली असतात आणि फिरणे हा प्रकारच उरत नाही. त्याचा पाय केवळ पुढे आणि मागे झुलण्यासाठी घडलेला आहे. माणूस, मांजर, कुत्रा आणि घोडा यांचा पुढचा पाय किंवा हात असे चार चित्रांनी भरलेले एक पान ज्याने स्वतः काढले, त्याला माणसाचा हात इतका का फिरतो आणि फिरताना चित्रात काय बदलते, हे पुन्हा सांगावे लागत नाही.

मागच्या पायाविषयी तर गैरसमज इतका रुजलेला आहे की, तो मोठ्या माणसांच्या चित्रांतही सर्रास दिसतो. कुत्र्याचा किंवा घोड्याचा मागचा गुडघा उलट्या दिशेला वाकतो, असे पुष्कळांना मनापासून वाटते. वस्तुतः मागे टोक काढून वाकलेला जो सांधा आपल्याला दिसतो तो गुडघा नसून घोटा आहे, आणि मागे आलेले ते टोक म्हणजे टाचेचे हाड. खरा गुडघा वर, पोटाच्या रेषेजवळ, कातडीच्या घडीत अर्धा झाकलेला असतो आणि तो आपल्या गुडघ्याप्रमाणे पुढेच येतो. त्याचप्रमाणे घोड्याच्या पुढच्या पायातला ज्याला लोक गुडघा म्हणतात तो त्याचे मनगट होय. विद्यार्थ्याला हे समजावण्यासाठी मी त्याला उभे करते, टाचा उचलून चवड्यांवर यायला सांगते, गुडघे किंचित वाकवायला लावते आणि त्याच स्थितीत स्वतःच्या टाचेला हात लावायला सांगते. मग आपण कुत्र्यासारखे उभे आहोत हे त्याला शरीरानेच कळते. त्यानंतर तो दोन आकृत्या काढतो: चवड्यांवर उभ्या माणसाचा पाय आणि उभ्या कुत्र्याचा किंवा घोड्याचा मागचा पाय. खुबा, गुडघा, टाच आणि बोटांचे मूळ अशा चार खुणा दोन्हींत करायच्या आणि त्या सरळ रेघांनी जोडायच्या. माणसाची मांडी लांब आणि पाऊल त्या मानाने आखूड, तर घोड्यात पावलाचे हाड लांबून मांडीच्या हाडाशी स्पर्धा करू लागते, हा प्रमाणातला फरक त्या दोन वाकड्या रेघांतच स्पष्ट होतो. अस्वल मात्र आपल्याप्रमाणे संपूर्ण तळपाय टेकून चालते. म्हणून अस्वलाच्या चालण्यात माणसाचा भास होतो आणि म्हणूनच ते चित्र नवशिक्याला सोपे जाते.

ही पद्धत मी शोधून काढलेली नाही, हे आवर्जून सांगायला हवे. लिओनार्दो दा विंची याने माणसाचा आणि घोड्याचा पाय एकाच कागदावर काढला होता, आणि माणूस चवड्यांवर उभा दाखवला तर इतर प्राण्यांशी त्याची तुलना नीट होते, हे त्याने ओळखले होते. १५५५ साली पिएर बलों या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने पक्ष्यांवरच्या आपल्या ग्रंथात माणसाचा सांगाडा आणि पक्ष्याचा सांगाडा समोरासमोरच्या पानांवर छापला. पक्षी उभा, पंख खाली सोडलेले, आणि दोन्हींतल्या जुळणाऱ्या हाडांना सारखीच अक्षरे दिलेली. सजीवांच्या समान पूर्वजांविषयीचा डार्विनचा ग्रंथ १८५९ साली आला. म्हणजे त्याच्याही तीनशे वर्षे आधी केवळ डोळ्यांनी पाहणाऱ्याला आणि हाताने काढणाऱ्याला हे साम्य दिसले होते. घोड्यांचा चित्रकार म्हणून ख्याती मिळवलेल्या जॉर्ज स्टब्स या इंग्रज चित्रकाराने एका आडगावातल्या घरात सुमारे दीड वर्ष मेलेल्या घोड्यांचे विच्छेदन केले. ती जनावरे उभी असल्यासारखी टांगून थर थर उलगडत त्याने हाडांपर्यंतची रेखाटने केली आणि १७६६ साली ती प्रसिद्ध केली. त्याच स्टब्सने वयाची सत्तरी ओलांडल्यावर, १७९५ साली, माणूस, वाघ आणि कोंबडी यांच्या शरीररचनेची तुलना हाती घेतली. त्या रेखाटनांत त्याने माणसाचा सांगाडा रांगत्या अवस्थेतही काढला आहे, कारण वाघाशी त्याची तुलना तशीच होऊ शकते. १८०६ साली तो वारला तेव्हा ते काम अपुरे होते. घोडा हयातभर काढल्यानंतर या माणसाला तुलनेचीच वाट धरावीशी वाटली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आता तक्त्याविषयी. तक्त्यांवर माझा राग नाही. हाडे कोणती आणि कुठे, हे एका दृष्टिक्षेपात दाखवण्याचे काम ते चांगले करतात. पण तक्ता समोरून पाहिलेला, सपाट आणि स्थिर असतो, आणि सांगाडा यांपैकी काहीच नाही. पाठीचा कणा समोरून सरळ दिसतो म्हणून विद्यार्थी तो सरळ काढतो. बाजूने पाहिले तर मानेपाशी तो पुढे, छातीपाशी मागे, कमरेत पुन्हा पुढे आणि कमरेखालच्या त्रिकोणी हाडापाशी, म्हणजे त्रिकास्थीपाशी, पुन्हा मागे वळलेला असतो, आणि डोके, बरगड्यांचा पिंजरा व कमरेची हाडे हे तीन मोठे ठोकळे त्या वळणांवर वेगवेगळ्या कोनांत कललेले असतात. हे कल चुकले की उभा माणूस खांबाला बांधल्यासारखा दिसतो. बरगड्यांचेही तसेच. त्या शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे आडव्या काढल्या जातात, तर प्रत्यक्षात प्रत्येक बरगडी पाठीच्या मणक्यापासून निघून आधी बाहेर आणि किंचित मागे जाते, मग वळण घेऊन पुढे येता येता खाली उतरते. बारा जोड्यांपैकी वरच्या सात जोड्या कूर्चेने, म्हणजे लवचीक मऊ हाडाने, थेट छातीच्या हाडाला मिळतात, पुढच्या तीन वरच्यांच्या कूर्चेला आणि शेवटच्या दोन मोकळ्याच राहतात. कुत्र्याला अशा तेरा जोड्या, घोड्याला अठरा. शिवाय माणसाची छाती रुंद आणि पुढून मागे चपटी, तर कुत्र्याची आणि घोड्याची छाती दोन्ही बाजूंनी दाबलेली आणि खोल असते. दोन्ही छात्यांचे आडवे छेद एका पानावर काढले की, माणसाच्या खांद्याची पाती पाठीवर का बसतात आणि घोड्याची कुशीला का, याचा वेगळा खुलासा करावा लागत नाही.

वर्गात टांगलेल्या प्लास्टिकच्या सांगाड्यावरही आंधळा विश्वास नको. तो कवटीतून हुकाला लटकलेला असतो. त्याच्या पायांवर भार नसतो, हात निर्जीवपणे लोंबत असतात आणि खांद्याची पाती पुष्कळदा बरगड्यांना तारेने जखडलेली असतात. जिवंत माणसाचे खांद्याचे पाते मात्र स्नायूंवर तरंगते. हाडाशी त्याचा संबंध गळ्याच्या हाडातून, एवढाच. हात डोक्यावर नेताना ते पाते फिरते आणि त्याचे खालचे टोक बाहेरच्या बाजूला सरकते. अठराव्या शतकात नेदरलँड्समधील लायडन येथील शरीररचनाशास्त्रज्ञ अल्बिनस याने हा धोका नेमका ओळखला होता. १७४७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चित्रसंग्रहासाठी सांगाडा उभा करताना त्याने दोऱ्या ताणून त्याची ठेवण पुन्हा पुन्हा दुरुस्त केली आणि पडताळणीसाठी तशाच पवित्र्यात एका जिवंत माणसाला शेजारी उभे केले. चित्रकार यान वांडेलार याने दोऱ्यांच्या चौकटींच्या जाळ्या मध्ये लावून प्रत्येक हाडाचे प्रमाण टिपले. आपल्याजवळ जाळी नसली तरी जिवंत शरीर आहेच. आरशासमोर उभे राहून गळ्याची दोन हाडे, त्यांच्यामधला खळगा, खांद्याचे टोक, कोपर, कमरेच्या हाडाची पुढे आलेली दोन टोके, मांडीच्या बाहेरच्या बाजूला लागणारा उंचवटा, गुडघ्याची वाटी, नडगीची आतली सपाट बाजू आणि दोन्ही घोटे एवढ्या खुणा बोटांनी चाचपून कागदावर उतरवता येतात. आतला घोटा बाहेरच्यापेक्षा वर असतो, ही एवढीशी बाब लक्षात ठेवली तरी पाऊल जमिनीवर नीट टेकते. शरीराचा भार एका पायावर टाकला की कमरेच्या त्या दोन टोकांपैकी भाराच्या बाजूचे टोक वर जाते आणि खांद्यांची रेषा बहुधा उलट बाजूला कलते. सांगाड्याच्या अभ्यासाचे एवढे एकच फळ मिळाले तरी ते कमी नाही.

हाडांच्या नावांविषयी लेखकाने धरलेला आग्रह मला वैद्यकाच्या विद्यार्थ्यासाठी योग्य, पण चित्रकाराच्या बाबतीत अस्थानी वाटतो. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. त्यांपैकी कानातली सहा चित्रकाराला कधीच दिसणार नाहीत. मनगटातली आठ हाडे त्याने मिळून एक ठोकळा मानला तरी चालते. कवटीतली बावीस हाडे मोजण्यापेक्षा मेंदूचे पात्र, गालाच्या हाडाची कमान आणि खालचा जबडा हे तीन भाग त्याला जास्त कामाचे आहेत. दुसरीकडे, एका हातात २७ आणि एका पावलात २६ हाडे, म्हणजे चारही मिळून १०६, एकूण हाडांच्या निम्म्याहून अधिक. आणि नेमके हेच भाग विद्यार्थी शेवटी, घाईने आणि अंदाजाने काढतात. नावे न येताही हाताचे प्रत्येक पेर कुठे सुरू होते आणि मिटलेल्या मुठीत वर येणारी टोके कोणत्या हाडांची आहेत हे ज्याला ठाऊक आहे, त्याचा हात खरा वाटतो. नावे ओघाने येतात. ती येण्याची वाट पाहत रेखाटन थांबवू नये.

प्राण्यांचा सांगाडा काढताना दोन ठिकाणे अशी आहेत जिथे केवळ बाहेरून पाहणारा हमखास फसतो, म्हणून त्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिते. पहिले ठिकाण म्हणजे घोड्याची मान. मानेचा कणा आयाळीखालून, वरच्या कडेने जात असणार असे सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात तो कवटीमागून निघून झपाट्याने खाली उतरतो आणि छातीजवळ पोचेपर्यंत मानेच्या खालच्या भागात असतो. वरचा भाग स्नायूंनी आणि डोके तोलून धरणाऱ्या एका बळकट बंधाने भरलेला असतो. मानेच्या मुळाशी पाठीवर दिसणारा उंचवटा म्हणजे काही वर आलेला कणा नव्हे. छातीच्या मणक्यांची वर उभी राहिलेली लांब टोके तो उंचवटा घडवतात आणि कणा त्यांच्या बराच खालून जातो. मान वळवलेला किंवा चरण्यासाठी वाकलेला घोडा काढताना कणा वर धरला, तर मान कुठून वाकते तेच चुकते. घोड्याला गळ्याचे हाड नसते. त्याची छाती दोन पुढच्या पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत तोललेली असते, त्यामुळे खांद्याचे पाते प्रत्येक पावलागणिक पुढेमागे सरकते. धावत्या घोड्याची लांब ढांग पायांइतकीच या मोकळ्या पात्यामुळेही मिळते, आणि चित्रात पाते जागेवर खिळवून ठेवले तर पाय कितीही ताणले तरी तो घोडा धावत नाही.

दुसरे ठिकाण पक्ष्याचे. पिसांमुळे पक्ष्याचे शरीर जसे दिसते तसे ते आत नसते. पक्ष्याची मांडी आखूड असते, जवळजवळ आडवी पुढे वळलेली असते आणि पिसांत लपलेली असते. बाहेर दिसणारा पायाचा पहिला भाग म्हणजे नडगी. त्यामुळे बगळ्याच्या लांब पायाच्या मधोमध मागे वाकणारा जो सांधा दिसतो तो इथेही घोटाच, आणि त्याखालची खवल्यांची सडपातळ काडी म्हणजे पावलाची एकजीव झालेली हाडे. पंखात दंड, दोन हाडांचा हात आणि मनगट आपल्यासारखेच. पुढे मात्र पंजाची हाडे जुळून गेलेली आणि तीनच बोटांच्या खुणा राहिलेल्या. उडण्याची सर्वांत लांब पिसे या पंजाला आणि त्यामागची पिसे हाताच्या हाडाला लागलेली असतात. मिटलेला पंख काढताना कोणता पिसांचा संच कोणत्या संचाखाली जातो हे त्यावरून ठरते. छातीच्या हाडावर मधोमध उभी धार असते आणि उडण्याचे स्नायू तिला धरून असतात. शहामृग उडत नाही आणि त्याच्या छातीच्या हाडावर ती धारही नाही. आपल्या गळ्याची दोन हाडे पक्ष्यात जुळून दुबेळक्याच्या आकाराचे एकच हाड होते. माणसाच्या सांगाड्याचे पान शेजारी उघडे असेल, तर यातली एकही गोष्ट विद्यार्थ्याला परकी वाटत नाही. शेजारी काही नसेल, तर पक्ष्याचा सांगाडा त्याच्यासाठी विचित्र काड्यांचा ढीग ठरतो.

वहीतले काम कसे चालावे याविषयी थोडक्यात सांगते. डाव्या पानावर माणूस आणि उजव्या पानावर प्राणी. आधी डोके, छाती आणि कंबर हे तीन ठोकळे आणि त्यांना जोडणारी कण्याची रेषा. मग सांध्यांच्या खुणा. मग सांध्यांना जोडणाऱ्या सरळ रेघा. आणि शेवटी हाडांचे आकार. त्यांतही आधी टोके, मग मधला दांडा, कारण सांधा कसा हलेल हे टोकांवरून ठरते. मांडीच्या हाडाचे वरचे टोक तिरक्या मानेवर खुब्याच्या खोबणीत बसते आणि हाडाचा दांडा तिथून आत, गुडघ्याकडे झुकत येतो. खोडरबर शक्यतो बाजूला ठेवावे आणि चुकलेल्या रेघेशेजारीच नवी रेघ ओढावी, म्हणजे आपली समजूत कुठे बदलली हे नंतर दिसते. एकच हाड पुढून, मागून, बाजूने आणि टोकाकडून काढावे. टोकाकडून पाहिलेले हाड आखूड दिसते आणि तेच काढायला सर्वांत अवघड असते. वही मिटून तेच स्मरणाने काढावे आणि मग ताडून पाहावे. याशिवाय आणखी एक सराव मला फार गुणकारी वाटतो. चालत्या, झेपावणाऱ्या किंवा बसलेल्या जनावराच्या छायाचित्रावर पारदर्शक कागद ठेवून आतला सांगाडा कुठे असेल ते काढायचे, आणि नंतर त्या प्राण्याच्या सांगाड्याच्या चित्राशी ते ताडून पाहायचे. बसलेली गाय या सरावासाठी उत्तम, कारण तिचे चारही पाय अंगाखाली घडी होऊन गेलेले असतात आणि प्रत्येक सांधा शोधावा लागतो.

काही पालक मुलांनी सांगाडे काढण्याला अशुभ किंवा भीतिदायक मानतात, हे मी जाणते आणि त्यांच्या भावनेचा आदरही करते. अशा घरांत पक्षी, मासा किंवा मांजर यांच्यापासून सुरुवात केली तर विरोध राहत नाही, असे मी पाहिले आहे. मुलांना तर कासवाची खांद्याची हाडे त्याच्या बरगड्यांच्या आत असतात हे कळल्यावर भीतीऐवजी कुतूहलच वाटते. खरी मानवी हाडे मिळवण्याची चित्रकाराला मुळीच गरज नाही. चांगल्या प्रतीची प्रतिकृती आणि वस्तुसंग्रहालयात मांडलेले प्राण्यांचे सांगाडे एवढे पुरेसे आहे. संग्रहालयातला सांगाडा तर त्याच्याभोवती फिरून सर्व बाजूंनी पाहता येतो, जे कोणत्याही छापील चित्रात शक्य नाही.

शेवटी आपल्याकडे एक विनंती आहे. या लेखमालेच्या पुढच्या भागांत माणसाचा एकेक अवयव आणि त्याच स्थितीतला एखाद्या प्राण्याचा अवयव अशी जोडचित्रे छापावीत. दोन्ही चित्रे बाजूने पाहिलेली आणि एकाच उंचीची असावीत, म्हणजे प्रमाणातला फरक लगेच नजरेत भरेल. जुळणाऱ्या सांध्यांना एकच खूण असावी आणि हाडांची नावे चित्रावर न घालता खाली वेगळी द्यावीत. पहिल्या जोडीसाठी चवड्यांवर उभ्या माणसाचा आणि घोड्याचा मागचा पाय मी सुचवीन. चित्रे पानाच्या किमान पाव भागाइतकी मोठी छापली गेली, तर वाचकांना त्यांवर पारदर्शक कागद ठेवून सराव करता येईल. लहान चित्रांत सांध्यांची टोके शाईत बुजतात. यासाठी रेखाटने करून देण्याची किंवा तपासून देण्याची आवश्यकता भासल्यास ते काम विनामोबदला करण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
रेखाटन शिकवणारी एक वाचक